कडी लावून व्यायाम

लोह्यात सकाळी फिरायला जाणं हा व्यायाम कमी आणि हजेरी जास्त. नांदेड-लातूर रस्त्याला लागलं की भेटणारा प्रत्येक जण ‘कामून, शुगर निघाली का?’ असं विचारतो आणि दुपारपर्यंत अख्ख्या गावाला आपला रिपोर्ट तोंडपाठ होतो. म्हणून काकूंनी रस्ता सोडला आणि मोबाइल धरला. काकू म्हणजे कुणी एक बाई नव्हे. पन्नाशी ओलांडलेली, मुलगा पुण्यात, नवरा रिटायर होऊन पेपरात तोंड घातलेला, गुडघे कुरकुरणारे आणि डॉक्टरांनी ‘वजन उतरवा’ म्हणून बजावलेली बाई गल्लीत एक तरी असतेच. बाकीच्या योगा करतात, आमच्या काकू बेली डान्स करतात.

याचं मूळ 2016 सालात आहे. त्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि सप्टेंबरात जिओ आलं. नळाला पाणी येईल तेव्हा येईल, मोबाइलला मात्र चोवीस तास धार. पुढं 2020 च्या लॉकडाऊनमध्ये काकूंनी सूर्यनमस्काराचा व्हिडिओ लावला. त्याखाली झुंबा निघाला, झुंब्याखाली आणखी काहीतरी, आणि असं करत करत मोबाइलनं त्यांना कैरोला कधी नेऊन सोडलं ते कळलंच नाही.

कैरोत 1926 साली बदिया मसाबनी नावाच्या बाईनं थिएटर काढलं आणि घरातल्या लग्नाकार्यातला नाच झगमगत्या स्टेजवर चढवला. त्याचा पुढं अमेरिकेत व्यायाम झाला. तिथं व्यायामाचे व्हिडिओ काढणाऱ्यांत वीणा आणि नीना या भारतीय वंशाच्या जुळ्या बहिणीही होत्या, हे कळल्यावर काकूंचा जीव भांड्यात पडला. ‘आपल्याच पोरी हायेत की!’ आडनाव कळलं असतं तर काकूंनी सोयरीकही काढली असती.

पहाटे साडेपाचला आतून कडी लागते. गाऊनखाली सुनेची जुनी ट्रॅकपँट, कमरेला ओढणी. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला. व्हिडिओतली बाई इंग्रजीत बोलते, काकू तिला मराठीत उत्तरं देतात. ‘थांब की माय जरा, तुझे गुडघे नवे हायेत.’ यातली खरी मेख शिमीत आहे. शिमी म्हणजे कमरेची थरथर. पण ती कमरेतून निघतच नाही. गुडघे जरासे वाकवून आलटून-पालटून हलवले की कंबर आपोआप थरथरते आणि वरचं अंग जागचं हलत नाही. शहरातल्या पोरींना म्हणे हे जमायला महिने लागतात. काकूंना पहिल्याच आठवड्यात जमलं. डोक्यावर हंडा, काखेत कळशी घेऊन जिनं अर्धं आयुष्य आडाच्या वाटा तुडवल्या, तिला वरचं अंग स्थिर ठेवायला कैरोनं काय शिकवावं! ‘कॅमल’ नावाची दुसरी हालचाल आहे, छातीपासून पोटापर्यंत लाट सोडायची. तिथं मात्र काकूंचा उंट गळ्याशीच बसतो.

उंटावरून माळेगाव आठवलं. आमच्या तालुक्यातली खंडोबाची ही यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे येतात, गाढवं येतात, आणि लावणी महोत्सवही होतो. काका दरवर्षी ‘कलेसाठी’ मांडवात जातात. काकू मांडवाकडं पाठ करून बांगड्या भरायच्या आणि ‘त्या बायांला लाज कशी वाटत नाही’ म्हणायच्या. गेल्या यात्रेत मात्र त्या झुली, कासरे, गोंडे विकणाऱ्याच्या दुकानात शिरल्या आणि घासाघीस करून बैलाची घुंगुरमाळ घेऊन आल्या. घरी बैल नाही. पण व्हिडिओतल्या बाईच्या कमरेला नाण्यांचा पट्टा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारचे भिंतीवरून ओरडले, ‘गुरुजी, बैल सुटला काय हो तुमचा?’

‘नाही,’ ओट्यावर चहाची वाट बघत बसलेले काका म्हणाले, ‘बांधलेलाच हाय.’

वजनाचं म्हणाल तर काटा जिथल्या तिथं आहे. घाम गेला म्हणून दोन धपाटे, धपाट्यावर दही, दह्यावर तेल-चटणी, एवढा हिशेब चुकता केल्यावर तो बिचारा हलणार कसा? पण पंगतीत खुर्ची मागणाऱ्या काकू आता मांडी घालून बसतात आणि हात न टेकता उठतात. गल्लीतल्या दोघी-तिघी त्यामुळंच ‘काय करायलात हो काकू तुम्ही?’ म्हणत दारापर्यंत आल्या. काकूंनी त्यांना आत घेतलं आणि पुन्हा कडी लावली.

यंदा माळेगावला काकू बांगड्यांच्या दुकानावरून तडक महोत्सवाच्या मांडवात घुसल्या. पार पुढं जाऊन बसल्या. काका अंग चोरून शेजारी. ढोलकी कडाडली, नाचणारीनं ठेका धरला आणि काकूंनी काकांना कोपर मारलं.

‘कंबर काय बघायलात? गुडघे बघा तिचे, गुडघे!’