पडलेल्या निवडणुकांचं घर

आमच्या उमेदवाराचं नाव मी सांगणार नाही. छापून आलं तर तो कात्रण काढून पुढच्या प्रचारपत्रकावर चिकटवील आणि वर 'महाराष्ट्रातही चर्चा' असं लिहील. तसंही नावाची गरज नाही. तुमच्या वॉर्डात तो आहेच. कमळाचा नाही, पंजाचा नाही, आणि पर्चा भरायची वेळ संपायला दहा मिनिटं उरली की एका हातात फाईल नि दुसऱ्या हातात सूचक ओढत धावत येणारा.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. त्यामुळे त्याची प्रत्येक निवडणूक मी भोगली आहे आणि तिचं सामान त्याच्या घरात कुठं ठेवलंय तेही मला पाठ आहे. या माणसाची रीत अशी की जे चिन्ह मिळेल ती वस्तू खरीखुरी विकत आणायची आणि घेऊन दारोदार फिरायचं. "चित्र पाहून माणूस विसरते, भाऊ. वस्तू दिसली पाहिजे!"

समाजवादीकडून उभा राहिला तेव्हा सायकल आणली. तो पडला, सायकलीवर पोरगा बारावी झाला. अपक्ष असताना कुकर मिळाला. काली पुतली चौकात हातगाडीवर स्टोव्ह पेटवून त्यानं तीन शिट्ट्या काढल्या. गर्दी चांगली जमली, पण ती खिचडीसाठी. गोंडवाना गणतंत्र पार्टीच्या वेळची आरी वहिनींनी अंगणातला शेवगा छाटायला वापरली. पुन्हा अपक्ष, तेव्हा शिलाई मशीन. छताचा पंखा एका पोटनिवडणुकीतला. वहिनी वस्तूंना त्यांच्या निवडणुकीनंच ओळखतात. "पोटनिवडणूक लाव रे, लय उकडून राहिलं," असं पोराला सांगतात आणि पोरगा न हसता बटण दाबतो.

2022 मध्ये तो 'आप'चा झाला आणि चोवीस झाडू घरात आले. जुलैत, भर पावसात नगरपालिकेची निवडणूक. पण त्याचा हिशोब पक्का होता. नगरपालिकेचा अध्यक्ष त्या वर्षी थेट लोक निवडणार नव्हते, पार्षद निवडणार होते. म्हणजे दोन्हीकडे सारखे पार्षद आले की एकट्या माणसाला सोन्याचा भाव. "अध्यक्ष माझ्या ओट्यावर ठरते का नाही बघ!" ओटा त्यानं रंगवूनही घेतला. पत्रकं मात्र स्वस्त पडतात म्हणून गोंदियाहून छापून आणली आणि तिकडच्या छापखान्यानं सवयीनं 'नगरसेवक पदाचे उमेदवार' असं छापलं. नगरसेवक महाराष्ट्रात, आमच्याकडे पार्षद. आठ दिवस लोक विचारत होते, हे नवीन पद कोणतं, आणि पगार किती?

मतं पडली 31. नोटाला 29. त्यानं पेढे वाटले. "नोटाला पाडलं ना! आणि पक्ष तर आलाच, सिंगरौलीत महापौर आपली, राणी अग्रवाल!" सिंगरौली मध्य प्रदेशाच्या दुसऱ्या टोकाला आहे. पण पेढा तोंडात असताना भूगोल कोण काढतो? झाडूंपैकी दोन आमच्याकडे आले. एक अजून चालतो आहे.

याला समजवायला जावं तर तो एकच आकडा फेकतो: 1989. त्या वर्षी कंकर मुंजारे बालाघाटातून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. झालं! जिल्ह्यातल्या प्रत्येक पडेल उमेदवाराच्या पाठीशी तेव्हापासून तो आकडा उभा आहे. 2019 मध्ये लोकसभेचे अपक्ष उमेदवार किशोर समरीते यांनी निवडणूक आयोगाकडे मागणी केली की खर्चाला 75 लाख द्या, नाहीतर किडनी विकायची परवानगी द्या. आमचा उमेदवार त्या बातमीनं भारावून गेला होता. वहिनी एवढंच म्हणाल्या, "तुमची आधी तपासून घ्या. खडे निघतील." लोकसभेची जमानत 25,000 रुपये, आणि ती परत हवी तर वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. म्हणून तो वॉर्डातच राहिला. देवाची कृपा.

मग 2024 ची लोकसभा आली. मुंजारे हत्तीवर, म्हणजे बसपाकडून उभे. पत्नी अनुभा मुंजारे काँग्रेसच्या आमदार. दोन विचारांची माणसं एका छपराखाली राहिली तर लोक मिलीभगत म्हणतील, म्हणून मतदानापर्यंत मुंजारे घर सोडून धरणाजवळ झोपडीत राहायला गेले. देशभर बातमी झाली. इकडे 'आप'ची काँग्रेसशी आघाडी झालेली. "झाडू पंजाच्या हातात गेला" असं म्हणत आमचा माणूस हत्तीवर चढलाच होता (वस्तू आणणं यावेळी जमलं नाही, कान्हाच्या मुक्की गेटकडे जाऊन गस्तीच्या हत्तीबरोबर फोटो काढून भागवलं). त्यानं वहिनींना विचारलं, मत कोणाला देशील? वहिनी म्हणाल्या, मत गुप्त असते. "मंग मी या घरात राहू शकत नाही!" असं बाणेदारपणे सांगून, उशी घेऊन, तो माझ्या ओट्यावर आला. आमच्याकडे धरण नाही.

चार रात्री राहिला. डबा वहिनी भिंतीवरून देत. मच्छरदाणी माझी.

शेवटच्या रात्री वीज गेली, तेव्हा त्यानं उशीखालून एक वही काढली आणि मोबाईलच्या उजेडात माझ्यापुढं धरली. 2022 ला पडल्यावर तो आभार मानत घरोघर फिरला होता. हरल्यावर वॉर्डात फिरलेला दुसरा माणूस मला आठवत नाही. जिंकलेलाही फिरला नव्हता. ज्यानं ज्यानं सांगितलं की "भाऊ, आम्ही तुम्हालाच दिलं", त्याचं नाव त्यानं वहीत टिपलं होतं. 214 नावं.

मी म्हटलं, "लेका, 31 मतं पडली तुला. हे सगळे खोटं बोलले."

"माहीत आहे ना," तो म्हणाला. "आपल्याला वाईट वाटू नये म्हणून इतकी माणसं खोटं बोलतेत. जिंकलेल्याशी कोणी बोलते का असं?"

मला उत्तर सुचलं नाही. पलीकडे वहिनींच्या शिलाई मशीनचा आवाज चालू होता. ते पायावरचं आहे, त्याला वीज लागत नाही. लग्नसराईची गिऱ्हाइकी होती. पोराच्या कॉलेजची फी त्या निवडणुकीतून निघते.

19 एप्रिलला मतदान झालं. हत्ती पडला, भाजपच्या भारती पारधी निवडून आल्या. उशी परत घरी गेली. आता तो 2027 च्या नगरपालिकेचं बोलतो. वहिनींना मिक्सर हवा आहे, पण चिन्ह आपल्या हातात नसतं.

त्या वहीत तिसऱ्या पानावर, वरून पाचवं नाव माझं आहे.