पुनर्लेखन-नियोजक

अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्याला, तो पुढे अभियंता होणार असो वा नर्तक, लेखनाचा एक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि अनेक ठिकाणी या अभ्यासक्रमाच्या अखेरीस परीक्षेऐवजी ‘पोर्टफोलिओ’ मागितला जातो. पोर्टफोलिओ म्हणजे सत्रभरात लिहिलेल्या निबंधांपैकी निवडक तीन-चार निबंध, तेही आहेत तसे नव्हेत, तर शिक्षकांच्या व सहाध्यायांच्या अभिप्रायानंतर नव्याने लिहिलेले; आणि त्यांच्या आरंभी जोडलेले एक चिंतनपत्र, ज्यात आपण काय बदलले आणि का बदलले याचा खुलासा विद्यार्थ्याने स्वतः करायचा असतो. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक येथील विद्यापीठात पीटर एल्बो आणि पॅट बेलॅनॉफ यांनी प्रावीण्य-परीक्षेला पर्याय म्हणून ही पद्धत राबवली आणि १९८६ मध्ये त्याविषयी लेख प्रसिद्ध केला, तेव्हापासून तिचा प्रसार वाढत गेला. तिच्यामागचा विचार उदार होता. एका बैठकीत घाम गाळून लिहिलेल्या एका निबंधावरून कोणाच्या लेखनाची पात्रता ठरवू नये, त्याला फेरविचारासाठी वेळ द्यावा, असे तिचे पुरस्कर्ते मानत होते. हा वेळ मिळाल्याबरोबर जो मानवी प्रकार उदयाला आला, तो म्हणजे पुनर्लेखन-नियोजक.

या प्रकाराची गणना आळशी विद्यार्थ्यांत करणे हा त्याच्यावर अन्याय ठरेल. आळशी विद्यार्थी निबंध विसरून जातो आणि सुखाने झोपतो. नियोजक मात्र निबंधाच्या चिंतेने जागतो, कष्ट करतो, डोळे लाल करून घेतो, फक्त हे सर्व निबंधाला हात न लावता करतो. सत्राच्या दहाव्या आठवड्यात शिक्षक पोर्टफोलिओच्या सूचनांचा कागद वाटतात आणि त्याच रात्री नियोजकाच्या संगणकावर एक तक्ता जन्म घेतो. त्यात दिनांक, निबंध, अपेक्षित तास, प्रत्यक्ष तास आणि ‘बफर’, म्हणजे अनपेक्षित अडचणींसाठी राखून ठेवलेला वेळ, असे स्तंभ असतात. पहिल्या निबंधाला फिकट जांभळा रंग, दुसऱ्याला पोपटी. तिसऱ्याचा रंग ठरवताना मात्र तो बराच काळ घुटमळतो, कारण गुलाबी घेतला तर तो जांभळ्याशी मिळताजुळता दिसतो आणि घाईच्या वेळी गोंधळ उडू शकतो, अशी त्याची रास्त भीती असते. तक्त्यातील नोंदी अत्यंत नेमक्या असतात. सोमवारी सायंकाळी सात ते नऊ या वेळात ‘थीसिस स्टेटमेंट’, म्हणजे निबंधाचा मुख्य दावा सांगणारे एकच वाक्य, सुधारायचे आणि नऊ ते साडेनऊ नवा विचार करायचा. विचाराला अर्धा तास का, याचे उत्तर असे की साडेनऊला भोजनगृह बंद होते.

अशा प्रत्येक तक्त्याचा भार शेवटी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीवर येऊन पडतो. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणारा हा सण आणि त्याला लागून येणारे दिवस नियोजकाच्या दृष्टीने एक अथांग प्रदेश असतो, जिथे भूक, झोप, नातेवाईक, टर्की आणि दूरचित्रवाणीवरील फुटबॉल यांपैकी काहीही अस्तित्वात नसते. नोव्हेंबरच्या आरंभी जे जे होत नाही, ते ते सुट्टीत होणार असते. महाराष्ट्रात शाळेत शिकलेल्या वाचकाला ही मनोवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. दिवाळीच्या सुट्टीचा गृहपाठ शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री, फराळाचे तेलकट बोट वहीला लागू न देता, ज्याने उरकला आहे, त्याला सुट्टी किती लहान असते हे ठाऊक असते. नियोजकालाही ते ठाऊक असते, पण ते मागच्या सुट्टीविषयी.

या वृत्तीला मानसशास्त्रात नाव आहे. डॅनियल कानमन आणि आमॉस त्व्हेर्स्की यांनी १९७९ मध्ये ‘नियोजनाचा भ्रम’ ही संकल्पना मांडली. अशीच कामे पूर्वी रेंगाळली हे ठाऊक असूनही चालू काम मात्र वेळेत होईल असे मानण्याची प्रवृत्ती, हा तिचा अर्थ. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील विद्यार्थ्यांना त्यांचा पदवी-प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल, असे विचारले. सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा आला, आणि सर्व काही शक्य तितके बिघडले तर किती लागतील, याचे उत्तर ४८.६ दिवस असे मिळाले. प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. संकटांची कल्पना करायला सांगितल्यावरही ज्याची कल्पना वास्तवाच्या आठवडाभर अलीकडेच थांबते, त्या जीवाच्या आशावादाला नमस्कारच करायला हवा. त्याच संशोधनात आणखी एक बाब निघाली, ती म्हणजे दुसऱ्याच्या कामाचा अंदाज करताना हा आशावाद दिसत नाही, निरीक्षक उलट जास्तच सावध असतात. नियोजकाचा रूममेट हा असा निरीक्षक असतो. तो लेखनशास्त्र शिकलेला नसतो, तक्ता त्याने पाहिलेला नसतो, तरीही शेवटच्या रात्रीसाठी तो कानात घालायचे बोळे आठवडाभर आधीच आणून ठेवतो.

तथापि नियोजकाची खरी अडचण तासांच्या हिशेबात नाही, आणि या बाबतीत मानसशास्त्रापेक्षा लेखनशास्त्र अधिक उपयोगी पडते. नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० प्रथमवर्षीय विद्यार्थी आणि २० अनुभवी प्रौढ लेखक आपापले निबंध कसे सुधारतात हे तपासले होते. त्यांनी बदलांचे चार प्रकार केले: वगळणे, एकाच्या जागी दुसरे घालणे, भर घालणे आणि क्रम फिरवणे. विद्यार्थी प्रामुख्याने शब्दांशी झटापट करतात, पुनरुक्ती काढतात, एका शब्दाच्या जागी अधिक भारदस्त शब्द बसवतात. अनुभवी लेखक मात्र आपल्या म्हणण्याचा आकारच शोधत असतात आणि त्यासाठी परिच्छेदच्या परिच्छेद उपटून टाकतात, असे त्यांना आढळले. नियोजकाच्या निबंधाची तपासणी केली तर विद्यार्थ्यांविषयीचे निरीक्षण सिद्ध होते. ‘व्हेरी इम्पॉर्टंट’च्या जागी ‘क्रूशल’ आलेले असते, दोन ठिकाणचे ‘हाउएव्हर’ गेलेले असते, आणि शिक्षकांनी समासात लिहिलेल्या ‘तुम्हाला नेमके काय म्हणायचे आहे?’ या प्रश्नाच्या उत्तरादाखल एक स्वल्पविराम वाढलेला असतो.

परंतु त्याच्या तक्त्याची तपासणी केली तर चित्र पालटते. थँक्सगिव्हिंगनंतर तो तक्त्यातून दोन संपूर्ण दिवस निर्दयपणे वगळतो. ‘संशोधन-निबंध: नवे स्रोत’ या नोंदीच्या जागी ‘संशोधन-निबंध: जुने स्रोत’ ही नोंद घालतो. पहाटे पाच ते सात अशी नव्या तासांची भर घालतो. आणि सर्वांत अवघड निबंधाला सर्वांत शेवटी नेऊन क्रमही फिरवतो. प्रत्येक फेरीत तो मूळ प्रश्नाकडे परततो, हा तक्ता कोणासाठी आहे आणि तो काय साधतो असे स्वतःला विचारतो, आवडती रचना मोडण्याचे धैर्य दाखवतो. अनुभवी लेखकाची सर्व लक्षणे येथे आहेत. सत्रभरात त्याने मनापासून पुनर्लेखन केलेला हा एकमेव मजकूर आहे, आणि पोर्टफोलिओत तो स्वीकारला जात नाही ही शिक्षणव्यवस्थेची संकुचित वृत्ती म्हटली पाहिजे.

तक्ता असा सुधारला जातो आणि निबंध मात्र नाही, याचे कारण उघड आहे. तक्ता पुन्हा लिहिताना काही गमवावे लागत नाही. निबंध पुन्हा लिहायला बसले की तिसऱ्या परिच्छेदाशी कळते की पहिल्या दोहोंत जे म्हटले ते आपल्याला पटतच नाही, आणि हे केव्हा कळेल हे कोणत्याही स्तंभात भरता येत नाही.

महाराष्ट्रातून गेलेल्या नियोजकाचा एक उपप्रकार स्वतंत्र नोंदीस पात्र आहे. त्याची घडण ‘जर्नल’च्या संस्कृतीत झालेली असते. जर्नल म्हणजे प्रयोगांच्या नोंदींची वही, जी सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राच्या वहीवरून उतरवायची, आकृत्या पेन्सिलीने काढायच्या आणि सकाळी सरांची सही घ्यायची. सही झालेले पान पुन्हा उघडणे हा वेडेपणा किंवा उद्धटपणा, बहुधा दोन्ही. अशा मुलाला ‘बी’ मिळालेला निबंध परत देऊन तो पुन्हा लिहा असे सांगितले, की त्याला वाटते आपले काहीतरी चुकले आहे आणि मॅडम सौजन्यापोटी तसे बोलून दाखवत नाहीत. रात्री साडेनऊला, म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, आईचा फोन येतो. “निबंध झाले का रे?” “झालेत गं, फक्त रिवाइज करायचेत. प्लॅन तयार आहे.” “मग झालंच की,” असे आई म्हणते आणि कुकरची शिटी होते म्हणून फोन ठेवते. या संभाषणात त्याला मिळालेला दिलासा एवढा खरा असतो की त्या रात्रीचे दोन तास तो तक्त्यात ‘पूर्ण’ म्हणून रंगवतो.

शेवटच्या आठवड्यात नियोजक रायटिंग सेंटरकडे, म्हणजे विद्यार्थ्यांच्या लेखनावर समोर बसून चर्चा करणाऱ्या विद्यापीठीय केंद्राकडे वळतो, तेव्हा तिथल्या सर्व वेळा गेलेल्या असतात, कारण इतर नियोजकांच्या तक्त्यांतही हाच आठवडा असतो. सादरीकरणाची मुदत रात्री अकरा वाजून एकोणसाठ मिनिटांची असते. दस्तऐवजाच्या ‘व्हर्जन हिस्टरी’त, म्हणजे कोणता बदल केव्हा झाला याच्या आपोआप राहणाऱ्या नोंदीत, पाच आठवड्यांचे निबंध-सुधारकार्य सुमारे साडेसहा तासांत सामावलेले दिसते, आणि ते सर्व तास एकाच रात्रीचे असतात.

यानंतर चिंतनपत्र उरते, आणि येथे नियोजक अचानक फुलतो. जे घडले नाही त्याचे वर्णन करताना त्याची भाषा पहिल्यांदाच सैल आणि सजीव होते. सुरुवातीला आपण पुनर्लेखनाला केवळ दुरुस्ती समजत होतो, हळूहळू लेखन ही शोधाची प्रक्रिया आहे असे उमगले, वेळेच्या नियोजनाचे महत्त्व कळले, असे तो लिहितो, आणि त्यातले शेवटचे वाक्य तरी त्याने पाच आठवडे अभ्यासलेले असते. शिक्षिका या पत्राच्या कडेला कौतुकाची खूण करतात आणि निबंधांना पुन्हा ‘बी’ देतात.

या शिक्षिकेकडेही थोडे पाहिले पाहिजे. लेखनाच्या वर्गात वीसहून अधिक विद्यार्थी नसावेत अशी अमेरिकेतील लेखनशिक्षकांच्या संघटनेची शिफारस आहे, आणि ती पाळली गेली तरी तीन वर्ग शिकवणाऱ्या व्यक्तीपुढे साठ पोर्टफोलिओ येतात. गुण भरण्याची मुदत परीक्षा संपल्यावर काही दिवसांतच असते. पोर्टफोलिओ जमा झाल्याच्या दुसऱ्या सकाळी शिक्षिका कॉफी घेऊन बसतात, एक नवा तक्ता उघडतात, आणि प्रत्येकी वीस मिनिटे, रोज पंधरा पोर्टफोलिओ, असे चार दिवस पोपटी रंगात भरून पाचवा दिवस बफर म्हणून मोकळा ठेवतात.