वार्षिक सभेत बोलावे कसे

माणसं जोडण्याच्या शिबिरांत हल्ली तीन गोष्टी शिकवतात : नजरेला नजर देऊन बोला, समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्या, चेहरा हसरा ठेवा. ही शिबिरं घेणारे स्वतः बंगल्यात राहत असावेत. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदाला या तिन्ही गोष्टी महागात पडतात. नजरेला नजर दिली की चेअरमन "तुम्ही बोला" म्हणतात, पूर्ण ऐकून घेतलं की रात्रीचे अकरा वाजतात, आणि हसऱ्या माणसाला हमखास सेक्रेटरी करतात. तेव्हा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या छत्राखाली नांदणाऱ्यांसाठी हे स्वतंत्र मार्गदर्शन.

सर्वप्रथम, पोहोचावे कधी? गणसंख्या म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांतली जी कमी असेल ती. ती वेळेवर भरल्याचं निदान आमच्या भागात कोणी पाहिलेलं नाही. म्हणून नोटिशीतच छापलेलं असतं की गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब होईल आणि नंतर त्याच जागी, गणसंख्येची अट न ठेवता भरेल. याचा अर्थ सभा साडेदहाची आहे. नोटिशीतल्या दहाच्या ठोक्याला येणाऱ्याला खुर्च्या मांडाव्या लागतात, शिवाय "तुम्हाला वेळ असतो" असा शेरा कायमचा चिकटतो.

आता मुख्य विषय, गळती. कायद्याने वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. कमिट्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबतात, त्यामुळे सभा नेमकी पावसाळ्याच्या शेपटावर येते आणि प्रत्येकाच्या छतावर ताजा पुरावा असतो. पण प्रकरण सभेपर्यंत न्यायचं नसतं, आधी वरच्या मजल्यावर जायचं असतं. रिकाम्या हाताने जाऊ नये. गणपतीचे दिवस असतील तर डब्यात चार मोदक असावेत. प्रथम मुलाची चौकशी करावी, मग गुडघ्यांची. पाणी प्यावं. निघताना चपलेत पाय घालता घालता, जणू आत्ताच आठवलं अशा सुरात म्हणावं, "काकू, आमच्या बाथरूमच्या छताला जरा ओल आलीय." 'जरा' विसरू नये. प्लॅस्टरचा पोपडा आदल्या रात्री बादलीत पडला असला तरी 'जराच' म्हणावं.

काकू म्हणतील, "अगंबाई! पण आमच्याकडे तर कोरडं ठणठणीत आहे हो."

इथे वाद घालू नये, कारण त्या शंभर टक्के खरं बोलत आहेत. सगळं पाणी तुमच्याकडे आलंय, त्यांच्याकडे ओल राहील कशी?

यामागे उपविधींचा एक नियम आहे. न्हाणीघर, सिंक वगैरेंची आतली गळती असेल तर खर्च त्या सभासदाचा. पावसाच्या पाण्याची किंवा बाहेरच्या सामाईक पाइपांची असेल तर संस्थेचा. त्यामुळे वरच्या मजल्याची पावसावर नितांत श्रद्धा असते. "पावसाचंच असणार," हे वाक्य जुलैत ऐकू येतं आणि मे महिन्यातही ऐकू येतं. कसलेला खालचा सभासद इथे मान डोलावतो. मग दोघं मिळून कमिटीला अर्ज करतात, पैसे सगळ्यांच्या खिशातून जातात आणि मोदकाचा डबा धुऊन, वर चार करंज्या घालून परत येतो. पाणी कुठे मुरतंय ते दोघांनाही ठाऊक असतं. शेजारधर्म म्हणजे ते न बोलणं.

प्रत्यक्ष सभेत बोलताना सुरुवात "माझा विरोध नाही, पण" अशी करावी. विरोध असणारे सर्वजण अशीच करतात. "कोणी वैयक्तिक घेऊ नये" हे वाक्य मात्र जपून वापरावं, त्यानंतर वैयक्तिक सोडून काही येत नाही. थकबाकीदाराचं नाव सभेत घेऊ नये. "काही सभासद" एवढंच म्हणावं, सगळ्या माना आपोआप एकाच खुर्चीकडे वळतात. त्या खुर्चीवरचे गृहस्थ मग उठून पार्किंगच्या पट्ट्यांवर वीस मिनिटं बोलतात. उपविधींत थकबाकीवर 21 टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावायची सोय आहे, भाषणावर काही लावायची नाही.

निवडणुकीचं वर्ष असेल तर सावध राहावं. कमिटीची मुदत पाच वर्षं, आणि पाच वर्षं म्हणजे टाकी, लिफ्ट, वॉचमन आणि गच्चीवर पापड कोणी वाळत घालायचे याचा निवाडा. सुटकेचा मार्ग एकच : स्वतःचं नाव येण्याआधी दुसऱ्याचं सुचवावं, तेही मनापासून कौतुक करत. नुकताच निवृत्त झालेला माणूस उत्तम. "साहेबांचा बँकेतला अनुभव आपल्याला लाभला तर..." एवढं म्हणून वाक्य सोडून द्यावं, टाळ्या पुढचं काम करतात. ज्यांचं नाव तुम्ही सुचवलं ते तुमच्याशी वर्षभर बोलणार नाहीत. लिफ्टमध्ये तेवढीच शांतता.

ऑफिसात हेच सगळं चालतं, फक्त तिथे वडा-वेफर्स मिळत नाहीत.

राहिलं इतिवृत्त. परस्परसंबंधांची परमोच्च कला म्हणजे सेक्रेटरींनी लिहिलेलं इतिवृत्त, ते नवशिक्यांनी वाचून काढावं. दोन सभासदांनी पाऊण तास एकमेकांच्या वाडवडिलांचा उद्धार केलेला असतो, तिथे "सदर विषयावर सविस्तर चर्चा झाली" असं असतं. एकाने खुर्ची उचललेली असते, तिथे "काही सभासदांनी सूचना मांडल्या". माइक बंद करावा लागलेला असतो, तिथे "वेळेअभावी विषय पुढील सभेपुढे ठेवण्यात आला". आणि तळाशी, आभार मानल्यानंतर, सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. सूचक : वरच्या काकू. अनुमोदक : खालचे तुम्ही.