मोकळ्या झाकणाची थोरवी

जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या पेट्रोल टाकीचे झाकण गाडीला बांधू नये, असे मानणारा एक मोठा वर्ग आहे. त्याची बाजू आजवर कोणी नीट मांडली नाही. विरुद्ध पक्षाकडे वीतभर नायलॉनची पट्टी आहे, आपल्याकडे नुसते तत्त्व. म्हणून हा प्रपंच.

जिच्या झाकणाला पट्टी नाही अशी एखादी जुनी पोर्शे ९११ घ्या. इंजिन मागे, टाकी पुढे आणि पेट्रोल भरायचे तोंड डाव्या बाजूच्या पुढच्या मडगार्डवर. झाकण फिरवले की ते सुटून हातात येते. पुढे त्याचे काय करायचे, हे स्टुटगार्टच्या इंजिनिअरांनी मालकाच्या विवेकावर सोपवले आहे. मडगार्ड इतके गोलाकार की ठेवलेले झाकण घरंगळते, आणि घरंगळताना रंगावर आपली सही करून जाते. खिशात ठेवले तर विजारीला दोन दिवस पंपाचा वास. उरते टप. टपावर झाकण ठेवावे, पेट्रोल भरावे, पैसे द्यावेत, कोणीतरी गाडीची तारीफ करावी, आपण लाजून आत बसावे आणि निघावे. पहिल्या वळणावर झाकण आपला मार्ग निवडते. १९७३च्या ९११ कॅरेरा आरएसला मागे बदकाच्या शेपटीसारखा पंख होता. तो वेगात गाडीचा मागचा भाग जमिनीला धरून ठेवतो. झाकणाबद्दल त्याने तसे वचन दिलेले नाही.

९११च्या इतिहासात पंपावरच्या गोंधळाला मानाचे पान आहे. १९७२च्या ९११ला उजव्या दारामागे ऑइल भरायची वेगळी झडप होती. दिसायला थेट पेट्रोलची. सांगतात की पंपावरच्या लोकांनी त्यात भक्तिभावाने पेट्रोल ओतले. पुढच्याच वर्षी कंपनीने ती झडप काढून टाकली. म्हणजे माणूस सुधारेल या आशेवर कंपनीने एक वर्ष वाट पाहिली. एवढी वाट हल्ली कोण पाहतो?

भारतात झाकण हरवण्याचा आनंद मिळत नाही. पंपावरचा मुलगा झाकण स्वतः काढतो, ‘झिरो बघा साहेब’ म्हणतो आणि स्वतःच लावतो. न्यू जर्सीतही तीच गत. तिथे १९४९पासून स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला बंदी आहे. त्यामुळे त्या राज्यातल्या एडिसन गावी स्थायिक झालेला मराठी माणूस हौसेने जुनी स्पोर्ट्‌स कार घेतो, पण झाकण हरवण्याचे शिक्षण त्याला राज्याबाहेर जाऊनच घ्यावे लागते.

झाकण हरवल्यावरचे उपायही पाहण्यासारखे. टाकीच्या तोंडात चिंधी कोंबण्याची प्रथा जुनी आहे. चिंधी पेट्रोल शोषून घेते आणि समईच्या वातीसारखी वर टोक काढून बसते. ९११मध्ये ही समई चालकाच्या गुडघ्यांच्या पुढे असते, त्यामुळे नजर आपोआप रस्त्यावर राहते.

बंधनवाद्यांनी मात्र सरकारे हाताशी धरली. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियम क्रमांक ८३मध्ये झाकण हरवून पेट्रोलची वाफ उडू नये, सांडू नये म्हणून तजवीज करायला सांगितले आहे, आणि उदाहरणादाखल पट्टीने किंवा साखळीने बांधलेल्या झाकणाचा उल्लेख आहे. जगभरची शिष्टमंडळे एकत्र बसली आणि झाकणाला साखळी घालून उठली. तेवढ्याने युरोपचे समाधान झाले नाही. ३ जुलै २०२४पासून तिथे पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीचे बूचही बाटलीला जोडलेले असते. फोर्डने तर २००५च्या जीटी या स्पोर्ट्‌स कारमध्ये झाकणच ठेवले नाही, नळी आत घातली की तोंड उघडते, काढली की मिटते. वाद असा संपवणे हे खिलाडूपणाचे लक्षण नव्हे.

तरीही एखाद्याला पट्टी लावायचीच असेल तर त्याला घाबरवणे आपले कर्तव्य आहे. पट्टीचे कडे झाकणाच्या मानेभोवती सैल फिरले पाहिजे, नाहीतर झाकण आवळताना पट्टीलाच पीळ बसतो. लांबी जास्त झाली तर लोंबते झाकण रंगावर आपटते, कमी झाली तर नळीच्या आड येते. साधे रबर पेट्रोलने फुगते. दुसरे टोक अडकवायला जुन्या गाडीत भोक नसते, ते पाडले की गंजाला आमंत्रण. झाकणावरच्या झडपेच्या बिजागरीचा स्क्रू सोडवून त्याखाली पट्टीचे टोक दाबले की काम पाच मिनिटांत होते, पण ही माहिती शक्यतो कोणाला देऊ नये.

खरा मुद्दा अस्सलपणाचा. आमच्या पक्षातल्या मालकाने गाडीत ब्लूटूथचा रेडिओ बसवला आहे, दिवे बदलले आहेत, टायर गेल्या वर्षीचे आहेत. पण पट्टी? कारखान्यातून निघताना ती नव्हती! त्या एका जागी तो इतिहासाशी एकनिष्ठ आहे. झाकणे बदलून चौथे चालू आहे, तेही भलत्याच गाडीचे, पण मोकळे.

कॅलिफोर्नियात पेबल बीचवर १९५०पासून जुन्या गाड्यांचा सोहळा भरतो आणि परीक्षक अस्सलपणा बारकाईने तपासतात. अशा ठिकाणी जाणाऱ्या दुबळ्या मनाच्या मालकांसाठी एक तडजोड सुचवतो. पट्टी एरवी असू द्यावी आणि परीक्षणाच्या सकाळी सोडवून डॅशबोर्डच्या खणात ठेवावी. पट्टी लहान असते, खणातून हरवते, म्हणून तिला खणाच्या कडीशी एक दोरी बांधून ठेवलेली बरी.