शब्द खरा धरणाऱ्या वेड्यांची स्तुती

घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे आमचं गाव. १६०८ साली रामनवमीला इथं सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. बारा वर्षांचा असताना तो बोहल्यावर उभा होता, भटजींनी ‘सावधान’ म्हटलं आणि तो मांडवातून पळाला, ही कथा आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असते. ‘सावधान’ प्रत्येक लग्नात ऐकू येतं. वऱ्हाडी अक्षता टाकतात आणि पंगतीकडे वळतात. त्या दिवशी एका मुलानं तो शब्द खरा धरला. वऱ्हाडाच्या नजरेत याहून मोठं वेड नव्हतं. त्याच मुलानं पुढं दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगितली आणि पढतमूर्खांसाठी वेगळा समास लिहिला.

सगळे ज्याला रीत समजतात तो शब्द खरा धरण्याच्या या वेडाची मला मनापासून स्तुती करायची आहे. वर्तमानपत्रातही असा एक शब्द रोज छापला जातो. पानाच्या तळाशी, भिंग लावून वाचाव्या लागणाऱ्या अक्षरांत, मुद्रक-प्रकाशकाच्या नावाशेजारी लिहिलेलं असतं की बातम्यांच्या निवडीची जबाबदारी अमुक संपादकांची. तो शब्द ‘जबाबदारी’.

काही वर्षांपूर्वी एका दैनिकानं माझ्या चुलत्यांचा फोटो भलत्याच माणसाच्या अटकेच्या बातमीत छापला. मी तालुक्याच्या वार्ताहराला फोन केला. तो म्हणाला, “दादा, म्या तर बरोबर धाडलं होतं. पान संभाजीनगरला लागतं.” संभाजीनगरच्या कचेरीतून उत्तर आलं, “तुमच्या वार्ताहराशी बोला.” जालन्याच्या कचेरीनं अर्ज करायला सांगितलं. त्या वार्ताहरावर माझा राग नाही. तालुक्यातले बहुतेक वार्ताहर पगारावर नसतात, जाहिरातीच्या कमिशनवर आणि नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्यांवर त्यांचं घर चालतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये इथल्या राममंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या तेव्हा गावात कॅमेऱ्यांची रीघ लागली होती. चुलत्यांच्या फोटोची चूक दुरुस्त करायला मात्र कुणाला विचारायचं, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणून मला ते वेडे जवळचे वाटतात, ज्यांनी आपल्याच घरात आपली चूक शोधणारा माणूस नेमला. जपानच्या ‘आसाही शिंबुन’नं १९२२ मध्ये वाचकांच्या तक्रारी तपासणारी समिती केली. अमेरिकेत लुईव्हिलच्या दैनिकानं १९६७ मध्ये असा माणूस नेमला. १९८१ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या एका बातमीला पुलित्झर पुरस्कार मिळाला आणि ती बातमी रचलेली निघाली. पुरस्कार परत गेला. तेव्हा याच कामासाठी नेमलेले त्या वृत्तपत्राचे लोकपाल बिल ग्रीन यांनी आपल्याच संपादकांची चौकशी केली, आणि तो वृत्तांत त्याच दैनिकात पहिल्या पानापासून सुरू होऊन आतल्या पानांवर पसरला. अब्रू जायची ती गेली, पण काय घडलं हे वाचकाला त्याच पानावर कळलं. भारतात ‘टाइम्स ऑफ इंडिया’नं १९८९ मध्ये माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवतींना हे काम दिलं, तर ‘द हिंदू’नं २००६ मध्ये के. नारायणन यांना वाचक-संपादक नेमलं.

वृत्तपत्रांतल्या या वेडाचा एक जुना मराठी धडा १८८२ चा आहे. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारी पत्रं ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं छापली, आणि ती बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. पत्रं दुसऱ्यानं दिली, आम्ही फक्त छापली, असं म्हणून त्यांना हात झटकता आले असते. त्यांनी तसं केलं नाही. सुटून आल्यावर लोकांनी त्यांचं जंगी स्वागत केलं. चूक कबूल केल्यानं ‘केसरी’वरचा विश्वास तुटला नाही, हे त्या गर्दीनं दाखवून दिलं.

आता हिशेबी माणसांचं म्हणणं ऐकू. ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं २०१३ मध्ये हे पद बंद केलं. ‘न्यू यॉर्क टाइम्स’नं २०१७ मध्ये तेच केलं आणि समाजमाध्यमांवरचे वाचकच आता पहारा देतात, असं कारण दिलं. हजार माणसं बाहेर ओरडू शकतात, पण त्यातल्या एकालाही उपसंपादकाच्या टेबलापाशी जाऊन ‘हा फोटो कुठून घेतला?’ असं विचारता येत नाही. लोकपालाला तो अधिकार असतो. गर्दीला ज्याचा राग येतो त्याच्यावर ती तुटून पडते, मग चूक असो वा नसो. चूक होती की नव्हती, हे सांगायला एक थंड डोक्याचा माणूस लागतो.

प्रेस कौन्सिल आहे की, असंही कुणी म्हणेल. अध्यक्ष सोडून तिचे २८ सदस्य, त्यातले २० वृत्तपत्रसृष्टीतले. ती ताकीद देऊ शकते, निषेध करू शकते, दंड करू शकत नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एका बड्या नेत्याचं कौतुक करणारा तोच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत वेगवेगळ्या नावांनी आल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केलं. कौन्सिलच्या उपसमितीनं पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर ७१ पानांचा अहवाल लिहिला. २०१० मध्ये कौन्सिलनं तो बाजूला ठेवून आखूड अहवाल मंजूर केला. मूळ अहवाल अधिकृतपणे लोकांसमोर आला तो २०११ मध्ये, केंद्रीय माहिती आयोगानं आदेश दिल्यावर. ज्यांची चौकशी करायची त्यांच्याच हाती कागद असला की तो असा अडतो.

म्हणून वाचक-संपादक नुसता नेमून भागत नाही. त्याची मुदत आधी ठरलेली हवी, आणि त्या मुदतीत मालकाला त्याला काढता येऊ नये. त्याच्या सदराला संपादकानं कात्री लावू नये. दुरुस्ती रोज एकाच जागी, नजरेत भरेल अशी छापली जावी. आणि जांबच्या माणसाला मराठीत, फोनवर, अर्जाविना तक्रार करता यावी. यानं खप एका अंकानंही वाढणार नाही, पगार एक वाढेल आणि रोज थोडी मान खाली घालावी लागेल. हिशेबात हे बसत नाही, म्हणूनच याला वेडच लागतं.

चुलते आता नाहीत. ते कात्रण आईनं पोथीत जपून ठेवलंय, पण दुरुस्तीचं कात्रण तिला कधी मिळालं नाही. माझी मागणी एका ओळीची आहे. पानाच्या तळाशी ‘जबाबदारी’ हा शब्द आहे, त्याच्यापुढं संपादकांच्या नावासोबत आणखी एक नाव आणि एक फोन नंबर छापा. तो उचलणारा माणूस त्या शब्दाला रीत न समजता खरा धरणारा असावा.