चौकशीला आलेले व्होल्ट

कोल्हापुरात कुणी नुसता प्रश्न विचारत नाही. "काय करालाइस?" म्हणता म्हणता विचारणारा तुमच्या पाठीत थाप घालतो, खुर्ची ओढून बसतो आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत स्वतःचं मत सांगून मोकळा होतो. मग तुमच्या उत्तरात तुमचं किती आणि त्या थापेचं किती, हे ब्रह्मदेवालाही वेगळं काढता येत नाही. मल्टिमीटर हे यंत्र इथं जन्मलं नसेल, पण स्वभावानं ते पक्कं कोल्हापुरी आहे.

सगळ्यांनी पाहिलेलं मीटर म्हणजे तो ८३० नंबरचा पिवळा डबा. पोटात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, मधोमध गोल नॉब, खाली तीन भोकं, त्यांत खुपसलेल्या लाल-काळ्या वायरी. लोकांची श्रद्धा अशी, की या भोकांतून वीज फक्त आत जाते आणि मीटर निमूट आकडा सांगतं. नॉब व्होल्टवर आहे तोवर ही श्रद्धा बऱ्यापैकी टिकते. तो ओहमवर फिरवला की गणित बदलतं. रेझिस्टन्स आपण होऊन काही सांगत नाही. त्याच्यातून थोडा करंट ढकलावा लागतो, दोन टोकांत किती व्होल्ट पडले ते बघावं लागतं आणि मग भागाकार. हा करंट मीटर स्वतःच्या बॅटरीतून देतं. म्हणजे समोर काही जोडलेलं नसलं तरी भोकांवर व्होल्ट तयार उभे असतात. डायोडच्या खुणेवर बऱ्याच मीटरांत ते तीनच्या आसपास भरतात. लाल एलईडी दोनच्या आत पेटतो, त्यामुळे त्याला टोकं लावली की तो चक्क मिणमिणतो.

हे मामांना पटेना. मामा म्हणजे सबंध आयुष्य उसाला पाणी पाजण्यात गेलेला माणूस. रात्री किती वाजता थ्री फेज येणार, हे त्यांना झोपेतही कळतं. "मापायचं यंत्र आणि त्येच लाइट देतंय? मग तराजूत आधीच अर्धा किलो टाकून ठेवल्यासारखं झालं की!" शेवटी एका रविवारी, तांबडा-पांढरा उरकल्यावर, दोन मीटरं समोरासमोर ठेवून टोकाला टोक जोडलं. एक व्होल्टवर, दुसरं मोठ्या ओहमवर. पहिल्याच्या पडद्यावर पाऊणएक व्होल्ट आले, दुसऱ्याच्या पडद्यावर दहा मेगाओहम. म्हणजे पहिलं मीटर दुसऱ्याचा जोर सांगत होतं आणि दुसरं पहिल्याचा अडसर. दोघंही खरं बोलत होती. मामा बराच वेळ बघत बसले. "ह्यात गिऱ्हाईक कोण?" एवढंच त्यांनी विचारलं. अजून मला त्याचं नीट उत्तर देता आलेलं नाही.

काट्याच्या जुन्या मीटरांचा खोडकरपणा याच्याही वरचा. १९२३ साली बाजारात आलेलं ॲव्हो मीटर हे ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या डोनाल्ड मॅकाडी नावाच्या इंजिनिअरच्या डोक्यातून निघालं. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांची वेगवेगळी यंत्रं वागवून तो कंटाळला होता. पुढे आपल्याकडे नाशिकच्या मोटवानेंची मीटरं दुकानादुकानांत बसली. या मीटरांत काटा सरळ हलायला करंट लाल भोकातून आत यावा लागतो. त्यामुळे ओहमवर आतल्या बॅटरीला तो काळ्या भोकातून बाहेर सोडावा लागतो. म्हणजे काळी वायर प्लस आणि लाल वायर मायनस! डिजिटलमध्ये मात्र लाल ती लालच. ज्यांची हयात काट्यावर गेली अशा एका रेडिओ मेकॅनिकच्या हातात चेल्यानं नवं डिजिटल मीटर दिलं, तेव्हा त्यांनी डबीतले सगळे डायोड तपासून निकाल दिला, "कंपनीनं पट्ट्या उलट्या मारल्यात, परत कर." चेल्यानं मीटरचा खुलासा केला. "मीटरबी परत कर," असा दुसरा निकाल लागला.

विचारताना देणाऱ्यांच्या घराण्यातला थोरला भाऊ म्हणजे मेगर. मोटारीच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन दोन-तीन व्होल्टना दाद देत नाही, म्हणून हा पाचशे व्होल्ट सोडतो, कधी हजार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेनं पात्र सोडलं, तेव्हा पाण्याखालून निघालेल्या पंपांच्या मोटारी घेऊन माणसं रिवाइंडिंगवाल्यांच्या दारात उभी होती. धुवा, वाळवा, गरम करा, मेगर लावा, परत वाळवा. पिवळ्या डब्यानं पास केलेली मोटार मेगरपाशी नापास व्हायची आणि मालक दोघांच्याही तोंडाकडे बघायचा. हँडलवाल्या मेगरची दोन टोकं नव्या पोराच्या हातात देऊन "जरा धर रं" म्हणायचं आणि हँडल फिरवायचं, ही वर्कशॉपातली जुनी मस्करी. ती करणाऱ्यांना एकदा तरी स्वतः टोकं धरायला लावावीत, अशा मताचा मी आहे.

पण सगळ्यात जास्त माणसं घाबरतात ती भुताच्या व्होल्टेजला. मामांच्या नव्या खोलीत पाइपातून एक जादा वायर ओढून ठेवली होती, दोन्हीकडून मोकळी. तिला मीटर लावलं तर सत्तरच्या वर व्होल्ट! मेन बोर्डात ती कुठंही जोडलेली नव्हती. बातमी गल्लीत गेली. शेजारच्या काकूंनी, अमावस्येला आकडा वाढतो का ते बघा, असं सुचवलं. नारळ फोडायचं घाटत होतं तोवर वायरमन आला.

यात भूत नाही, शेजार आहे. त्याच पाइपात चालू फेजची वायर लगटून गेलेली असते. दोन तांबी, मधे प्लॅस्टिक, म्हणजे नकळत तयार झालेला कपॅसिटरच. त्यातून मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा इतका करंट झिरपतो. चांगल्या मीटरचा स्वतःचा अडसर दहा मेगाओहम, म्हणून एवढ्याशा झिरपण्यालाही ते मान देतं आणि ऐटीत सत्तर दाखवतं. वायरमननं यातलं काही सांगितलं नाही. पिशवीतून होल्डरला दोन वायरी जोडलेला शंभर वॅटचा बल्ब काढला आणि त्या वायरीवर लावला. बल्ब ढिम्म. मीटर बल्बच्या जोडीला लावलं, तर तेही जवळजवळ शून्यावर आलं. थंड बल्बचा अडसर जेमतेम चाळीसएक ओहम, त्याच्यापुढे झिरपलेल्या करंटाचा काय पाड लागणार? "बल्ब पेटला न्हाई म्हंजे लाइट न्हाई," तो म्हणाला आणि चहाची वाट बघत बसला. महागड्या मीटरांत हेच काम करणारी कमी अडसराची एक वेगळी खूण असते. बल्ब हातात फुटू शकतो, म्हणून मला ती खूण जास्त सुरक्षित वाटते. वायरमनला किंमत सांगितली तेव्हा तो नुसता हसला.

आता तिसऱ्या भोकाविषयी. त्यावर दहा अँपिअर लिहिलेलं असतं आणि शेजारी बारीक इंग्रजीत 'फ्यूज नाही' असंही. ते वाचणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. या भोकाच्या मागे एक जाड वाकवलेली तार असते, बस. तिचा अडसर जवळपास शून्य. आमच्या भागातल्या एका मंडळाच्या पोरानं दुपारी बॅटरीच्या माळेचा करंट मोजला आणि लाल वायर तिथंच ठेवली. संध्याकाळी मंडपात दिवे मंद का, म्हणून नॉब व्होल्टवर आणला आणि टोकं सॉकेटात घातली. नॉब कुठंही असला तरी वायर त्या तारेवरच होती. जाळ अन् धूर संगटच! एरवी कौतुकानं म्हणायचं वाक्य त्या दिवशी पंचनाम्यासारखं खरं ठरलं. टोकाचं पितळ वितळलं, मंडप काळोखात गेला, पोरगं मात्र धडधाकट राहिलं. आरती थांबली नाही, उलट चढली.

नाशिकच्याच ऋषभ कंपनीच्या काही मीटरांत यावर उपाय आहे. नॉब फिरवला की त्या कामाची नसलेली भोकं आतून झाकली जातात आणि वायर चुकीच्या जागी शिरतच नाही. मी ही माहिती मंडळाला दिली. "मग मोकळी भोकं दिसणारच न्हाईत?" अध्यक्षांनी विचारलं. पैसे पूर्ण मोजून भोकं झाकलेली घ्यायची, हा ठराव कार्यकारिणीत टिकणार नव्हता. तो आलाच नाही.

मामांनी मात्र या सगळ्या प्रकरणातून एकच मुद्दा उचलला. "ओहमवर ठेवलं की बॅटरी कुणाची जळती?"

"आपलीच."

"म्हंजे इचारायचे पैसे आपण भरायचे?"

तेव्हापासून काम झालं की मामा मीटरमधली बॅटरी काढून स्वतःच्या खिशात ठेवतात. या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात आणि मामांच्या त्याच खिशात घराच्या किल्ल्यांचा जुडगा असतो. परवा बाजारातून येताना ते एकाएकी थांबले, खिसा चाचपला आणि भर रस्त्यात बंडी झटकू लागले.

"काय झालं, मामा?"

"काय न्हाई. बॅटरी तापलीया. घरात जाऊन मीटर आण, किती व्होल्ट ऱ्हायलं बघू."

"मामा, मीटरची बॅटरी तीच आहे."