इंग्रजी गाइडकारांस न्हावऱ्याहून पत्र

विद्वद्वर्य गाइडकार यांस,


आपल्या इंग्रजी गाइडाची नवी आवृत्ती शिरूरच्या बाजारातून आणली. शेवटच्या पानांवरचा क्रियापदांचा तक्ता वाचून धन्य झालो. एक्झामिन म्हणजे तपासणे. इन्स्पेक्ट म्हणजे तपासणे. चेक म्हणजे तपासणे. इन्व्हेस्टिगेट म्हणजे मात्र ‘तपास करणे’! एक ‘करणे’ जोडून आपण जो सूक्ष्म भेद दाखवला, त्याला तोड नाही. स्टडी म्हणजे अभ्यास करणे, आणि लर्न म्हणजे शिकणे, स्वल्पविराम, अभ्यास करणे. कागद महागल्यामुळे एकच अर्थ सगळ्यांत वाटून दिला असावा, असे आमच्या शिकवणीतल्या पोरांचे मत पडले.

याचे फळ लगेच मिळाले. एका पोराने लिहिले, ‘आय स्टडीड दॅट द ट्रेन वॉज लेट.’ म्हणजे गाडी लेट आहे याचा त्याने अभ्यास केला. दौंड-पुणे रोज ये-जा करणाऱ्याला तोही करावा लागतो, म्हणून अर्धा गुण दिला. पण एखादी बातमी कळली, समजली, यालाही इंग्रजीत लर्न चालते, हे आपल्या तक्त्यात नाही. वास्तविक आमच्या आयाबायांना हा भेद कधीचा ठाऊक आहे. ‘वर्षभर अभ्यास केलास, शिकलास काय?’ असे त्या विचारतात, तेव्हा पहिले स्टडी असते आणि दुसरे लर्न. पहिल्यात नुसती मेहनत, दुसऱ्यात पदरात काही पडले पाहिजे.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. ती पहिली तुकडी २०१० मध्ये दहावीला बसली आणि त्यातली कितीतरी पोरे आज रांजणगावच्या एमआयडीसीत आहेत. त्यांना विचारायचे होते. तिथे क्वालिटीचा माणूस भोकात प्लग गेज घालतो. ‘गो’ची बाजू आत गेली पाहिजे, ‘नो-गो’ची जाता कामा नये. दोन्ही बाजू आत गेल्या की भोक मोठे झाले, माल रिजेक्ट. हे इन्स्पेक्ट. माप आधी ठरलेले असते आणि माल त्यात बसतो की नाही एवढेच पाहायचे असते. तो माणूस त्या भोकाचा स्टडी करीत बसला, तर सुपरवायझर त्याचा स्टडी करील. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापला, तो इथल्या पंडितांना हाताशी धरून. आपल्याला एक आयटीआयवाला पुरला असता.

हुद्द्यांवर मात्र जाऊ नका, फसाल. दौंडला डब्यात ‘चेकिंग आलं’ अशी कुजबुज होते, ते चेकिंग करणारा पदाने ट्रॅव्हलिंग तिकीट एक्झामिनर असतो. बातमीच्या शेवटी ‘पुढील तपास पोलीस उपनिरीक्षक करीत आहेत’ असे येते. हुद्दा सब-इन्स्पेक्टरचा, काम इन्व्हेस्टिगेट करण्याचे. कुठेतरी काही बिघडले, घडले, चोरीला गेले, की मगच ते क्रियापद घराबाहेर पडते.

आणि ही सगळी क्रियापदे एकत्र पाहायची तर बिबट्या. हा विषय आमच्याकडे थट्टेचा नाही. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो आणि माणसे जीव मुठीत धरून रात्री उसाला पाणी देतात. फडाच्या कडेला ओल्या मातीत ठसा दिसला की वनरक्षक वाकून बघतो. नखे उमटली असली तर बहुधा कुत्रे. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो. पंजा केवढा, चाल कुठल्या दिशेची, हे सगळे बघणे म्हणजे एक्झामिन. पिंजरा लावला की रोज सकाळी तो चेक करायचा, सापडला किंवा नाही, दोनच उत्तरे. शेळी गेली की पंचनामा, म्हणजे इन्व्हेस्टिगेट. विद्या अत्रेय यांनी जुन्नरच्या आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागातल्या बिबट्यांवर जे काम केले, तो स्टडी. त्यात वर्षे गेली. पकडलेला बिबट्या दुसरीकडे नेऊन सोडला की सोडल्या जागेजवळ माणसांवरचे हल्ले वाढतात, हे त्यातून पुढे आले. ते ज्याच्या डोक्यात शिरले, त्याने लर्न केले. मोर्चा गेल्यावर पुढारी जे करतात त्याला इंग्रजीत ‘लुक इनटू’ म्हणतात. हे क्रियापद आपण वगळलेत, ते बरे केलेत. त्याचा अर्थ आमच्या पोरांना तोंडपाठ आहे.

‘आय गेव्ह द एक्झाम’ चूक, असेही आपण ठळक टाइपात ठणकावले आहे. आमच्याकडे परीक्षा मास्तर घेतो आणि पोरगा देतो. साहेबाकडे पोरगाच ती ‘टेक’ करतो. बोर्डाच्या पेपरात ‘टेक’ लिहा, बोलताना खुशाल ‘गिव्ह’ म्हणा, असे मी सांगतो. अर्धा देश तसेच बोलतो.

तर विनंती अशी की पुढच्या आवृत्तीतून हा तक्ता काढून टाकावा. त्या जागी प्रत्येक क्रियापदासमोर अर्थाऐवजी एकेक वाक्य छापावे : कोण, कशाला, कशासाठी बघतो आहे. गेजवाला, तिकीटवाला, वनरक्षक, सगळे फुकट देतो. किंमत दहा रुपये वाढवलीत तरी आमची तक्रार नाही.

कळावे,
आपला,
न्हावरे फाट्यावरचा एक शिकवणीवाला